चार गावं एका टेबलावर

“हात लावू नको! सर्जेराव, त्या बटनाला हात लावशीन तं मी तुझ्या मोटारीला हात लावणार न्हाई!”

काकासाहेब एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले, ते थेट जाफराबादच्या दिशेनं गेले आणि म्हणे दुसऱ्या दिवसापर्यंत परतलेच नाहीत. सर्जेरावांचं बोट पंख्याच्या बटणाजवळ हवेतच अडकलं.

“अरे काका, उकडून राह्यलं. पंखा लावतो नुसता.”

“आज पंखा न्हाई. आज वेल्डिंग न्हाई, टेस्टिंग न्हाई. आज या दुकानातला सगळा करंट एकीकडंच जाईन.”

ते ‘एकीकडं’ म्हणजे टेबल. एरवी त्या टेबलावर जळक्या मोटारी पोट फाडून पडलेल्या असत. आज टेबल घासून पुसून त्यावर फुलाफुलांची चादर अंथरलेली होती, चादरीवर लॅपटॉप होता आणि लॅपटॉपसमोर काकासाहेबांची थोरली, आकांक्षा, कपाळाला आठ्या घालून बसली होती.

टेंभुर्णीच्या रस्त्याला काकासाहेबांचं मोटारी भरायचं, म्हणजे विहिरीवरच्या जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान. जळालेली मोटार आली की ते आधी डोळे मिटून तिचा वास घ्यायचे. मग निकाल द्यायचे: ही व्होल्टेजनं जळाली, ही कोरड्या बोअरनं जळाली, आणि ही जावयानं जाळली. तिसऱ्या प्रकारात ते कधीच चुकले नाहीत. पंचक्रोशीत अशी विहीर नव्हती की जिच्या तळाशी त्यांनी गुंडाळलेली तार फिरत नव्हती. असं ते स्वतःच सांगत, आणि ऐकणाऱ्याची मोटार त्यांच्याच ताब्यात असल्यामुळे कोणी उलट बोलत नसे.

आकांक्षा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात ही कमी झाली आणि दोन बॅगा घेऊन गावी आली. गावातल्या घरी मोबाइलला रेंज यायची ती फक्त गोठ्याच्या छतावर. तिथं बसून तिनं जगभर अर्ज धाडले. खाली म्हैस रवंथ सोडून वर बघत राहायची. शेवटी दोन ठिकाणांहून उत्तर आलं. एक पुण्यातलंच, दिवसभर फोनवर गिऱ्हाइकांच्या शिव्या खायचं काम. त्यासाठी उद्या सकाळच्या गाडीनं निघायला हवं होतं. दुसरं एका ब्लॉकचेनच्या प्रोजेक्टचं. हा प्रोजेक्ट कोणा एका कंपनीचा नव्हता. देशोदेशीची माणसं मिळून तो लिहीत, आणि लिहिलेलं सगळ्यांना मोकळं असे. त्यातल्या काहींना वर्षभराचं रीतसर काम मिळे, घरी बसून. अट एकच. प्रोजेक्ट आपल्या मशीनवर उभा करायचा, त्यातली एखादी बारीकशी चूक स्वतः दुरुस्त करायची, आणि आज संध्याकाळी एस्टोनिया नावाच्या देशातल्या एका बाईला ते सगळं चालू स्थितीत दाखवायचं. दाखवलं तर काम. नाही तर सकाळची गाडी.

काकासाहेबांना पोरगी गावात राहायला हवी होती. तसं ते कोणाजवळ बोलले नव्हते. लोकांना ते सांगत, “शिकल्या-सवरल्या पोरी पुण्यालाच बऱ्या.” पण ती आल्यापासून ते दुपारी जेवायला घरी जायला लागले होते. त्याआधी कैक वर्षं त्यांनी डब्यातली गार भाकरी मोटारीवर बसून खाल्ली होती. त्यांच्या बायकोला, पुष्पाबाईंना, यातून जे कळायचं ते कळलं होतं, आणि म्हणूनच चादर त्यांनी कपाटातली काढून दिली होती.

दुकानासमोर मोबाइलचा टॉवर होता, म्हणून आज ती दुकानात बसली होती. शिवाय लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली. वायर निघाली की पडदा काळा. एस्टोनियाच्या बाईला हे ठाऊक नव्हतं.

“पण आकांक्षा, चालू करायचं म्हंजे नेमकं काय करायचं?” सर्जेरावांनी विचारलं. त्यांची मोटार कोपऱ्यात पडलेली होती, जवळच नव्या केबलचं भेंडोळं होतं, आणि हलायचा त्यांचा विचार नव्हता.

“आधी हत्यारं आणायची, काका. मग त्या हत्यारांनी प्रोजेक्ट बांधायचा. बांधला की याच मशीनवर चार नोड उभे करायचे. नोड म्हणजे चार माणसं समजा. चौघांकडं एकच गोष्ट लिहिलेली. नवीन काही आलं की चौघं एकमेकांना विचारणार, जुळलं तरच लिहिणार. आणि एकदा लिहिलं की मागचं बदलता येत नाही. एकानं बदललं तर बाकीचे तिघं लगेच पकडतात.”

“हात्तिच्या! हे तं आपल्या गावात पहिल्यापासून हाये. काकाच्या लग्नातली घोडी!”

“सर्जेराव…” काकासाहेबांनी पक्कड उचलली.

पण आता घोडी थांबणार नव्हती. काकासाहेबांच्या लग्नात वरातीची घोडी बँडला बुजली आणि नवरदेवासकट पळाली, ती थेट शेजारच्या गावातल्या मांडवात जाऊन उभी राहिली, कारण आदल्या दिवशी तिथं तिला हरभरे मिळाले होते. तिथल्या लोकांनी मुंडावळ्यांखालचं तोंड न बघताच हार घातला, पहिलं मंगलाष्टक झालं, आणि तिथला खरा नवरदेव मागून चालत आला. काकासाहेबांनी ही गोष्ट दुरुस्त करायचा जन्मभर प्रयत्न केला. हार घातला नव्हता, नुसता आणला होता, असं त्यांचं म्हणणं. पण गावातल्या प्रत्येक तोंडात तिची एकेक पक्की प्रत होती. त्यांनी एकाला पटवलं की बाकीचे त्या एकाला वेड्यात काढत.

“बिलकुल हेच,” आकांक्षा हसत सुटली. सकाळपासून ती पहिल्यांदाच हसली. “यालाच ब्लॉकचेन म्हणतात, काका.”

“मंग त्या इस्टोनियाच्या बाईला इतका खर्चा काहून?” सर्जेराव म्हणाले. “मला इचारायचं.”

त्या हसण्याच्या भरात आकांक्षानं चार नोडना नावं देऊन टाकली: टेंभुर्णी, तीर्थपुरी, पिंपळगाव आणि जाफराबाद.

गावं नावापुरती तयार झाली, पण उभी राहीनात. प्रोजेक्टसोबत आलेल्या माहितीत पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की ही उभारणी दहा मिनिटांत होते. ते लिहिणारा माणूस काकासाहेबांना भेटला असता तर त्याची मोटार त्यांनी जन्मात भरून दिली नसती. पहिल्यांदा गाडं अडलं ते हत्यार जास्त नवं निघालं म्हणून. आकांक्षानं वडिलांकडे बघितलं.

“अप्पा, मी यंदाचं उतरवलं. त्यांना मागच्या वर्षीचंच पाहिजे.”

“मंग परत करून ये. तार लावली नसंल तं दुकानदार घेतो वापस.”

जुनं हत्यार आलं. काळ्या पडद्यावर अक्षरं खालून वर पळायला लागली. कुठल्या कुठल्या माणसांनी लिहिलेले शेकडो तुकडे उतरत होते, जोडले जात होते. काकासाहेब श्वास रोखून बघत होते. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं; पण काहीतरी गुंडाळलं जात आहे एवढं दिसत होतं, आणि गुंडाळण्याविषयी त्यांना आदर होता. मध्येच सगळं थबकलं.

“मारून टाकलं,” आकांक्षा म्हणाली.

“कोणाला?” काकासाहेब उठून उभे राहिले.

“जोडणाऱ्या प्रोग्रामला. मेमरी कमी पडली की मशीन सगळ्यात जास्त काम करणाऱ्यालाच मारतं.”

“माझा सासरा असाच व्हता,” सर्जेराव म्हणाले. “पंगतीत बुंदी संपली की वाढप्यालाच हाणायचा.”

आकांक्षानं मशीनला एका वेळी थोडंथोडंच जोडायला सांगितलं. आता चाललं, पण म्हशीच्या चालीनं. अर्ध्याच्या पुढे गेलं, पाऊण झालं, आणि कोपऱ्यातला फ्रिजचा जुना स्टॅबिलायझर ‘टक्’ करून गप्प झाला. पडदा काळा. लाइन गेली.

काकासाहेबांनी कपाळावर हात मारला. दुकानाला मोटारी तपासण्यापुरती शेतीचीच लाइन होती, आणि या आठवड्यात ती दुपारी जाते हे सबंध शिवाराला पाठ होतं. ते तेवढं पंखा बंद ठेवण्याच्या भानगडीत विसरले होते.

“कुठून सुरू करायचं आता?” त्यांनी हळूच विचारलं.

“पहिल्यापासून,” आकांक्षा म्हणाली. “हा सगळा मिळून एकच घास आहे, अप्पा. मध्ये थांबला की सगळं ओकतो.”

काकासाहेबांनी लाइनमन वसंताला फोन लावला.

“वसंता, लाइन दे बाबा.”

“काका, आता न्हाई. शेतीचं टायम संपलं. वरून वरडत्यात.”

“तुझ्या सासऱ्याची मोटार कोणी भरली?”

“तुमीच.”

“कव्हा भरली?”

“…ऐन माझ्या हळदीच्या दिवशी.”

“मांडव सोडून आल्तो मी.”

“देतो,” वसंता म्हणाला. “पण माझं नाव घेऊ नका. आन् जल्दी आटपा.”

लाइन आली. काकासाहेबांनी छाती फुगवून पोरीकडे बघितलं. ती फुगवलेली छाती पुरती खाली यायच्या आत जे झालं, ते त्या शिवाराशिवाय कुठेच झालं नसतं.

तिथल्या प्रत्येक विहिरीच्या स्टार्टरला ‘ऑटो’ बसवलेला होता. लाइन कधी अपरात्री येते, कधी पहाटे. कोण उठून बटण दाबणार? म्हणून ऑटो. लाइन येईल तेव्हा मोटार आपोआप सुरू. लाइन गेली की गडी तसाच घरी निघून जातो. पाइपाचं तोंड कुठं आहे, व्हॉल्व्ह कोणता उघडा आहे, हे रात्रीच्या पाळीला बघू, असा हिशेब. हे ऑटो घरोघर फिरून, “बसवून घ्या, झोप मिळंन,” असं सांगत कोणी बसवले होते? काकासाहेबांनी.

शिवारातली प्रत्येक मोटार एकाच क्षणी सुरू झाली. जमीन हादरली. विहिरींनी एकदम ढेकर दिल्यासारखा आवाज झाला. शेजारच्या मळ्यात राधेश्यामनं पाइप जोडापासून काढून रस्त्याकडे तोंड करून ठेवला होता. त्यातून पाण्याचा एवढा उंच फवारा उडाला की वरून चाललेल्या बगळ्यांची आंघोळ झाली, असं सर्जेराव आजही सांगतात. रस्त्यावर त्याच सकाळी नवा मुरूम टाकलेला होता. त्याचा चिखल झाला. आणि त्या चिखलात येऊन, बराबर दुकानापुढे, एसटी रुतली.

इकडे दुकानातला बल्ब आधी पिवळा झाला, मग तांबडा, मग उदबत्तीएवढा. लॅपटॉप विझला. पाठोपाठ डीपीच्या, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरच्या दिशेनं एक दणका ऐकू आला आणि कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या.

फोन वाजला. वसंता होता.

“काका, डीपी गेली. आता उद्यापर्यंत लाइन न्हाई. आन् मी तुमाला वळखत न्हाई.”

आकांक्षानं लॅपटॉप मिटला. “राहू द्या, अप्पा. मी सकाळच्या गाडीनं जाते.” ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती वायर गुंडाळायला लागली. व्यवस्थित, काकासाहेबांच्याच हातानं गुंडाळल्यासारखी.

तेवढ्यात साडी वर धरून चिखल तुडवत पुष्पाबाई डबा घेऊन आल्या. त्यांनी पोरीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि डबा आदळला.

“साऱ्या दुनियेच्या मोटारी भरता,” त्या म्हणाल्या, “आन् पोरीच्या येवढ्याशा डब्याला करंट देता येईना व्हय तुमाला?”

काकासाहेब दुकानामागे गेले. तिथं गोणपाटाखाली एक जुनं डिझेल इंजिन होतं, त्याला काकासाहेबांनीच एक डायनामो जोडलेला. पूर्वी लग्नाच्या मांडवांना ते भाड्यानं जायचं. मग एका लग्नात त्याच्या आवाजानं नवरीकडच्यांना नवरदेवाचं नाव ऐकू आलं नाही, गैरसमज वाढले आणि इंजिन कायमचं गोणपाटाखाली गेलं.

हँडल मारायला एकटा माणूस पुरत नव्हता. पण एसटी रुतलेली, माणसं रिकामी. ड्रायव्हरनं मारलं, कंडक्टरनं मारलं, एसटीतून उतरलेल्या तीर्थपुरीच्या पाहुण्यांनी धोतर खोचून मारलं. शेवटी इंजिनानं काळा धूर सोडला, दोनदा शिंकलं आणि ‘धड्धड्धड्’ करत असं सुरू झालं की दुकानातले डबे फळीवर नाचायला लागले.

“चालू कर!” काकासाहेब ओरडले.

“थांबा!” आकांक्षा ओरडली. आता सगळ्यांना ओरडूनच बोलावं लागत होतं. “आधी मी हा एका घासाचा प्रकार मोडते! झालेलं काम बाजूला ठेवता आलं पाहिजे! पुन्हा बंद पडलं तर तिथूनच पुढं! ज्यानं हे लिहिलं ना, त्याच्या गावात लाइनच जात नसणार!”

ती रागानं टाइप करायला लागली. पोरगी रागावली हे बघून काकासाहेबांना जिवात जीव आल्यासारखं झालं.

एव्हाना प्रवासी सगळे दुकानात. काहीतरी होणार आहे एवढं कळल्यावर एसटी निघाली तरी कोणी चढलं नसतं. काळ्या पडद्यावर अक्षरं पळाली, थांबली, पुन्हा पळाली. ऊन टॉवरच्या मागे गेलं. आणि मग एक हिरवी ओळ उमटली.

“टेंभुर्णी उभी राहिली!” आकांक्षा ओरडली.

टेंभुर्णीकरांनी टाळ्या वाजवल्या. मग तीर्थपुरी उभी राहिली. धोतर खोचलेल्या पाहुण्यांनी मिशीवरून हात फिरवला. पिंपळगावला वेळ लागला तशी पिंपळगाव रेणुकाईची एक म्हातारी पुढे सरकली.

“रेणुकाआईचं ठाणं हाये तिथं. आधी नाव घ्यायला पाहिजे व्हतं,” तिनं आकांक्षाला सुनावलं, आणि पिंपळगाव उभं राहिल्यावर स्वतःच्याच कानशिलावर बोटं मोडली.

जाफराबाद मात्र उभं राहीना. कंडक्टर जाफराबादचा. त्याचा चेहरा पडला.

“तालुका हाये तो आमचा,” तो म्हणाला. “काहीतरी वशिला लावा.”

“माझीच चूक,” आकांक्षा पडद्याजवळ वाकली. “पिंपळगावला आणि जाफराबादला मी एकच दार देऊन ठेवलं होतं.” तिनं दार बदललं. जाफराबाद हिरवं झालं आणि कंडक्टरनं आनंदानं घंटी वाजवल्यासारखा हात वर केला.

चारही गावं एका टेबलावर उभी होती, एकमेकांना विचारत होती, जुळवून लिहीत होती. पण एस्टोनियाच्या बाईशी बोलायचं म्हणजे ऐकू यायला हवं, आणि इंजिन बंद करावं तर करंट जाणार.

“इंजिन लांब नेऊ!” काकासाहेब म्हणाले.

“येवढी वायर कुठून आणशीन?” सर्जेरावांनी विचारलं. मग सगळे आपल्याकडे का बघत आहेत हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं.

सर्जेरावांचं बोअर तालुक्यात सगळ्यात खोल. खाली पाणी नव्हतं, पण केबल मात्र लागायची. कोपऱ्यातलं ते नवंकोरं भेंडोळं सोडलं तर माणूस पाझर तलावाच्या बांधापलीकडे पोचला असता.

“ती माझ्या मोटारीची हाये! कोरी!”

“तुझी मोटार फुकट भरून देतो.”

“आन् घोडीची गोष्ट?”

काकासाहेबांनी एकदा पोरीकडे बघितलं. “हार घातला व्हता,” ते म्हणाले. “बस?”

एवढ्या वर्षांत ही कबुली कोणी मिळवली नव्हती. सर्जेरावांनी स्वतः भेंडोळं उचललं.

इंजिन एकदा थांबलं असतं तर पुन्हा धरलं नसतं, म्हणून ते चालूच हातगाडीवर चढवलं. पुढे काकासाहेब, मागे ढकलायला ड्रायव्हर आणि पाहुणे, सगळ्यात मागे केबल सोडत सर्जेराव, अशी ती धूर सोडणारी वरात चिखलातून बांधाच्या पलीकडे गेली. जुनी वायर काढून नवी जोडताना लॅपटॉप पुन्हा विझला. दुकानात हाय्‌हाय झाली.

“असू द्या,” आकांक्षा म्हणाली. तिनं पुन्हा सुरू केलं. चारही गावं जिथल्या तिथं, क्षणात उभी राहिली. काही पुन्हा बांधावं लागलं नाही. ती स्वतःच बघत राहिली.

ठरल्या वेळेला बाईचा चेहरा पडद्यावर आला. पिंगट केस, अंगात स्वेटर, आणि मागच्या खिडकीत लख्ख ऊन. दुकानात भिंतीला टेकून जवळजवळ एक एसटीभर माणसं श्वास रोखून उभी होती. बांधापलीकडून इंजिनाचा आवाज आता दळणाच्या चक्कीएवढाच येत होता. आकांक्षा इंग्रजीत सांगत होती, दाखवत होती. बाईनं काहीतरी विचारलं. आकांक्षानं एक कळ दाबली आणि तीर्थपुरी विझली.

“आमचंच काहून?” मागून पाहुणे कळवळून बोलले.

बाई दचकली. मागे कोण आहे, असं तिनं विचारलं असावं. आकांक्षानं क्षणभरच विचार केला.

“टेस्टर्स,” ती म्हणाली.

बाकीची तीन गावं चालूच राहिली. मग आकांक्षानं तीर्थपुरीला पुन्हा उठवलं, आणि तीर्थपुरीनं तिघांना विचारून मधलं सगळं भरून घेतलं. पाहुण्यांनी सुस्कारा सोडला. त्यानंतर बाई बराच वेळ आकांक्षानं दुपारी रागात केलेली दुरुस्ती वाचत बसली. म्हातारीला खोकला आला होता. तिनं तोंडात पदर कोंबला. शेवटी बाई हसली आणि लांबलचक काहीतरी बोलली.

पडदा मिटला. आकांक्षा वळली.

“हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं म्हणाली. त्यांच्याकडं लाइन जात नाही.” मग ती उठून उभी राहिली. “उद्यापासून सुरू करायचंय, अप्पा.”

पण अप्पा दुकानात नव्हतेच. शेवटचं सगळं बाहेरूनच ऐकून ते चिखलातून बांधाकडे पळत सुटले होते. बांधापलीकडे सर्जेराव इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवून बसले होते, काजळीनं काळेठिक्कर आणि ठार बहिरे झालेले.

“राह्यली!” काकासाहेब ओरडले.

“काय?”

“राह्यली!”

“डिझेल राह्यलं?”

“पोरगी राह्यली रे, पोरगी!”

सर्जेरावांना ऐकू आलं नाही. पण काकासाहेबांचं तोंड बघून त्यांनी इंजिन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी शिवारातल्या निम्म्या मोटारी दुकानाच्या दारात येऊन पडल्या. यावेळी काकासाहेबांनी कोणाचाही वास घेतला नाही. कशानं जळाल्या ते त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी त्या सगळ्या मुकाट्यानं भरायला घेतल्या.

“अप्पा, टेबल मोकळं करते मी,” आकांक्षा म्हणाली. “गोठ्याच्या छतावर वायर नेऊन बसेन.”

“उन्हात? बस इथंच. मी दोन दिवस बाहेर पत्र्याखाली बसतो. उजेड बरा असतो तिथं.”

त्या दोन दिवसांचे महिने झाले. आधी तारेची रिळं बाहेर गेली. मग कॉइल गुंडाळायचं यंत्र गेलं. एका सकाळी टेस्टिंगचं पॅनेल बाहेरच्या खांबावर चढलं. आत भिंतींना पांढरा रंग लागला, फिरती खुर्ची आली, छतावर सोलरची प्लेट आणि दाराला निळा पडदा आला. पत्र्याखाली काकासाहेब हातोडीच्या तोंडाला फडकं बांधून बेअरिंग ठोकायला शिकले. गिऱ्हाईक आलं की ते ओठांवर बोट ठेवत, आणि पंचक्रोशीत मोठ्या आवाजाबद्दल नावाजलेली माणसं त्यांच्या कानाशी लागून मोटारीचं दुखणं सांगत.

वार्निशचे डबे तेवढे आतल्या फळीवर राहिले होते, कारण उन्हानं ते घट्ट होत. एका दुपारी डबा संपला. काकासाहेबांनी हात पुसले, पडद्याबाहेर चपला काढल्या आणि कानोसा घेतला. आत आकांक्षा बोलत होती. ती थांबल्यावर ते पडदा बाजूला करून चवड्यांवर आत गेले आणि त्यांनी फळीवरचा डबा उचलला.

लॅपटॉपच्या पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांतून पाच-सात चेहरे होते. त्यातल्या कोणीतरी काही विचारलं. आकांक्षानं वळून बघितलं, हसली आणि इंग्रजीत उत्तर दिलं. त्यातले ‘फादर’ आणि ‘शॉप’ एवढेच दोन शब्द काकासाहेबांना कळले. चौकोनांतले चेहरे त्यांच्याकडे बघून हात हलवायला लागले. काय करावं ते न सुचून त्यांनी हातातला वार्निशचा डबाच थोडा वर केला आणि ते बाहेर आले.

बाहेर सर्जेराव चपलेजवळ उकिडवे बसले होते.

“काय म्हणली?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

“दुकान माझ्या बापाचं हाये म्हणली,” काकासाहेब तितक्याच हळू बोलले. त्यांनी चपला पायात घातल्या. ऊन स्टुलावर आलं होतं. त्यांनी ते आवाज न करता सावलीत ओढलं, बसले आणि तार गुंडाळायला घेतली.